बाहेरचा काटा

बिद्रीत खासगी गोष्ट खासगी ठेवायची सोय पहिल्यापासूनच नाही. कोल्हापूरहून गारगोटीकडं जाणाऱ्या एसटीतून साखर कारखान्यासमोर उतरलं, की आपण घरी पोचायच्या आत आपण आल्याची बातमी पोचलेली असते. हातातली पिशवी औषधाच्या दुकानाची होती की कापडाच्या, हेही पोचलेलं असतं. टपरीवाला चहाचा ग्लास पुढं करत एवढंच विचारतो, "काय मग, जमलं का?" आपण कुठं गेलो होतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यानं सकाळी फक्त आपला इस्त्रीचा शर्ट आणि बरोबरचे दोन मामा बघितलेले असतात. दोन मामा आणि इस्त्रीचा शर्ट म्हणजे स्थळ बघायला. एक मामा आणि फाईल म्हणजे कोर्ट. मामा नाही, फाईल आहे आणि चेहरा पडलाय म्हणजे बँक. हे शास्त्र तो कुठल्या कॉलेजात शिकला नाही.

याच शास्त्रावर तिकडं कॅलिफोर्नियात जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्या उभ्या राहिल्या. आमचा टपरीवाला अजून चहाच विकतोय.

आमच्या शेजारच्या आबांचा या कंपन्यांवर राग आहे. आपला फोन चोरून ऐकतो, असं त्यांचं ठाम मत आहे. "मास्तर, रातच्याला जेवताना म्हातारीला म्हटलं, खालच्या रानात हुमणी लागलीया. सकाळी फोन उघडतोय तर हुमणीच्या औषधाची जाहिरात! आता ही गोष्ट मला ठावं, म्हातारीला ठावं आणि हुमणीला ठावं. चौथा कोण?"

मी त्यांना सांगितलं, की २०१८ साली अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. गुपचूप माइक चालू करणारं एकही सापडलं नाही. (सापडलं ते भलतंच. काही अ‍ॅप आपण पडद्यावर काय करतोय त्याचं चित्रण करून बाहेर धाडत होती. हे मी आबांना सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी फोन विहिरीत टाकला असता.) मग औषधाची जाहिरात आली कशी? तर आबांचा फोन दिवसातले चार तास उसाच्या रानात असतो. महिना हुमणीचा. ऊस शेतीच्या सगळ्या ग्रुपात आबा आहेत. नातवानं त्याच घरातल्या वायफायवर 'ऊस पिवळा पडणे उपाय' असं शोधलेलं. एवढ्यावर टपरीवाल्यानंसुद्धा हुमणी ओळखली असती.

आबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे ऐकत न्हाई, वळखतंय."

"व्हय."

"मग हे तर त्याहून वंगाळ."

आबांचं बरोबर होतं. ऐकणाऱ्यापासून माणूस हळू बोलून वाचू शकतो. ओळखणाऱ्यापुढं काय करणार?

गावाच्या ओळखण्याचा आम्हाला कधी त्रास झाला नाही, याचं कारण आम्ही सोशीक आहोत असं नाही. टपरीवाल्याला आमचं सगळं माहीत असतं, तसं आम्हालाही त्याचं बरंच माहीत असतं. सोसायटीचा किती हप्ता थकलाय, सासुरवाडीशी का बोलत नाही, चहात दूध कधीपासून कमी पडायला लागलं. त्यानं आमचं एक बाहेर काढलं तर आमच्याकडं त्याची दोन तयार असतात. शिवाय त्याची एक खोड चांगली आहे. नवीन काही हाती लागलं की तो जुनं विसरतो. कंपनीला आमचं सगळं माहीत, आम्हाला तिचं काही माहीत नाही, आणि ती विसरतही नाही. बरं, भांडायचं तर तिच्या दारात जायचं म्हटलं तरी व्हिसा लागतो.

आता गाव या बाबतीत फार सोवळं आहे असंही नाही. कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा पडदा बघा. वॉलपेपरवरचा गणपती दिसत नाही इतकी आधार कार्डं त्याच्या अंगावर पसरलेली असतात. 'आधार नवीन', 'आधार नवीन २', 'आधार फायनल', 'मावशी'. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तिथून निघालेला तो बारा आकडी क्रमांक अखेर कुठं पोचला म्हणाल, तर या पडद्यावर. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या दिवसांत दुकानाबाहेर रांग होती आणि आतून आवाज यायचा, "वहिनी, ओटीपी!" मग वहिनी रस्त्याच्या पलीकडून चष्मा सावरत पूर्ण मेसेज मोठ्यानं वाचायच्या. "हा ओटीपी कुणालाही सांगू नका" हे वाक्यही त्या तितक्याच जबाबदारीनं वाचायच्या, आणि मग आकडा सांगायच्या. सातबारा तर सरकारनंच वेबसाइटवर ठेवलाय. पूर्वी पाहुणे मुलगा बघायला यायचे तेव्हा जमिनीचं आडून आडून विचारायचे. आता बोजा किती आणि कुणाचा, हे ते येतानाच वाचून येतात आणि पोहे खाता खाता आपल्या तोंडून काय निघतंय ते पडताळून बघतात.

२०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊ लागले, यात मला नवल वाटलं नाही. आमच्याकडं दुपारी कुणी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं तर आजी बाहेरून विचारते, "बरं न्हाई का?"

आता आपली माहिती गोळा करणाऱ्या या कंपन्यांवर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न उरतो. खरं म्हणजे तो आम्हाला विचारला गेला तेव्हाच आम्ही सवयीनं उत्तर देऊन मोकळे झालो होतो. कोल्हापूर जिल्ह्यात सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यानं बघितली आहे, त्याला ही सवय समजावून सांगायला नको. सचिव उभे राहतात. "विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वा..." 'वाचून' मधला 'चून' यायच्या आत पुढच्या रांगांतून गर्जना होते, "मंजूर! मंजूर!" अहवाल मंजूर, ताळेबंद मंजूर, आयत्या वेळचे विषय मंजूर. फोनवर नवीन अ‍ॅप घेताना चाळीस पानी अटी येतात आणि खाली 'सहमत' नावाचं बटण येतं, तेव्हा आमचा अंगठा ही पुढच्या रांगेची परंपरा चालवतो. फरक एवढाच, की संस्थेच्या सभेला मागची रांगही असते. ती हातात अहवाल फडकवत "नामंजूर! नामंजूर!" ओरडते, माइक ओढते, पान नंबर सांगून खर्चाचा हिशेब मागते, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो येतो. फोनमधल्या सभेत मागची रांगच ठेवलेली नाही.

एकदाच ती उभी राहायला आली होती. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं नव्या अटी पाठवल्या, तेव्हा आमच्या तरुण मंडळानं बंड केलं आणि सगळे सिग्नलवर गेले. तिथं दोन दिवस एकमेकांना 'आलास का?' एवढंच विचारून झालं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की दूध संस्थेचे निरोप, वारलेल्यांच्या बातम्या आणि भिशीचा हिशेब हे सगळं जुन्या ठिकाणीच राहिलंय. बंड संपलं. कंपनीची बाजूही सांगायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण लिहितो तो मजकूर २०१६ पासून असा कुलूपबंद जातो, की मधल्या मधे तो कंपनीलाही वाचता येत नाही. पण कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतो, हे कुलपाच्या बाहेर राहतं. आणि गावात लफडं ओळखायला मजकूर कधी लागला आहे? त्याच २०१६ साली व्हॉट्सअ‍ॅपनं आपले फोन नंबर मालक कंपनी फेसबुककडं द्यायला सुरुवात केली. दोन्हीकडची खाती आपोआप जुळवता येणार नाहीत, असं फेसबुकनं २०१४ च्या खरेदीच्या वेळी युरोपला सांगितलं होतं. ही माहिती दिशाभूल करणारी होती म्हणून युरोपियन कमिशननं २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड केला.

"पण ते सगळं फुकट हाय न्हवं?" मी हे सांगत होतो तेव्हा आबांनी विचारलं. उत्तर म्हातारीनं दिलं, परड्यातूनच. "म्हशीला बी वैरण फुकटच मिळतीया."

आता मुद्द्याचं. ऊसपट्ट्यातला शेतकरी विश्वास कसा ठेवतो, हे शिकायला या कंपन्यांनी एकदा गळीत हंगामात इकडं यावं. आमचा शेतकरी कारखान्याचा सभासद असतो. संचालक त्यानंच निवडून दिलेले असतात, त्यातला एखादा त्याचा साडूही असतो. चेअरमनच्या गाडीला तो रामराम करतो. आणि तरीही ऊसपट्ट्यात कित्येक जण ट्रॉली गेटात घालायच्या आधी ती गुपचूप बाहेरच्या खासगी काट्यावर उभी करतात, पावती खिशात टाकतात आणि मगच आत जातात. यात कुणाला अपमान वाटत नाही. दरवर्षी संघटना काट्यावरून रस्त्यावर येतात, वैधमापनवाले आणि भरारी पथकं तपासणीला फिरतात. काट्याचा आकडा कॉम्प्युटरवर दिसायला लागल्यापासून हा संशय कमी झालेला नाही, उलट वाढला. जुन्या काट्यात निदान दगड कुठं ठेवलाय ते शोधता यायचं. विश्वास आहे की नाही, असा प्रश्न आमच्याकडं कुणी विचारत नाही. बाहेरचा काटा कुठं आहे, एवढंच विचारतात.

डेटाचा बाहेरचा काटा कुठं आहे? अगदीच नाही असं नाही. मघाशी सांगितलेले नॉर्थईस्टर्नवाले हा असाच एक काटा, आणि माइकच्या बाबतीत वजन कंपन्यांच्या बाजूनं निघालं. तसंही होतं कधीकधी. बाहेरच्या काट्यावर आपला ऊस कमी भरतो, मग शेतकरी पावती फाडून टाकतो आणि कुणाला बोलत नाही. पण त्याच २०१८ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं गूगलची ट्रॉली काट्यावर घातली. 'लोकेशन हिस्टरी' बंद केली तरी माणूस कुठं कुठं गेला याची नोंद होतच राहते, असं त्यातून निघालं आणि प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञांनी ते पडताळून दिलं. बंद करायचं बटण एक होतं, नोंद ठेवणारी बटणं आणखीही होती. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी तडजोड करून गूगलनं ३९ कोटी १५ लाख डॉलर भरले.

आमच्याकडं माणूस कुठं गेला हे लपवण्यापेक्षा ऊस किती निघाला हे लपवणं महत्त्वाचं. एकरी उताऱ्याचे प्रत्येक शेतकऱ्याकडं तीन आकडे असतात. पीककर्ज घेताना सोसायटीला सांगायचा एक. उसने मागायला आलेल्या मेव्हण्याला सांगायचा दुसरा. आणि खरा तिसरा, जो बायकोला माहीत असतो, नवऱ्यानं सांगितलेला नसला तरी. या तीन आकड्यांवर ग्रामीण समाजाचा सगळा डोलारा उभा आहे. आणि आता बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टचं तंत्रज्ञान घेऊन उसात एआय आणलंय. उपग्रह वरून रान बघतो, जमिनीतली यंत्रं ओल मोजतात, आणि पाणी कधी द्यायचं, खत किती घालायचं ते फोन सांगतो. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जाहीर कौतुक केलं, एलॉन मस्क यांनीही दखल घेतली. ऊस वाढला, पाणी वाचलं, तर कुणाला नको आहे? माझी तक्रार नाही. माझा प्रश्न मेव्हण्याचा आहे. वरून दिसणारा तो चौथा आकडा कुणाकुणाला दाखवला जाणार? कर्ज देणाऱ्याला? विमा कंपनीला? खत विकणाऱ्याला? कारखान्याच्या चिटबॉयला खुशाली देऊन तोड चार दिवस अलीकडं आणता येते. उपग्रहाला काय देणार?

कायदा आलाय. २०२३ साली संसदेनं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य अटींना आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली. कायद्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. तुमची कुठली माहिती घेतोय आणि कशासाठी, हे कंपनीनं मागाल त्या भाषेत सांगायचं, म्हणजे इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीसपैकी कुठल्याही. मराठी त्यात आहे. ती मराठी फेरफाराच्या नोटिशीसारखी नसली म्हणजे मिळवली. कंपनीनं माहिती सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. आबांचे डोळे चमकले. "माझ्या वाट्याला किती?"

"काही नाही. दंड सरकारी खजिन्यात जमा होतो."

"आणि मी तक्रार केली तर?"

"खोटी निघाली तर तुम्हाला दहा हजारांपर्यंत दंड."

आबांनी तंबाखूची डबी काढली. ती काढली की पुढचा अर्धा तास ते कायद्याविषयी बोलणार नाहीत, असं समजायचं.

दंडाचं म्हणाल तर आणखी एक हिशेब करून बघितला. व्हॉट्सअ‍ॅपच्या त्या २०२१ च्या अटींसाठी भारताच्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे पूर्वीच्या फेसबुक कंपनीला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. पेपरात मथळा मोठा होता. वर्षभरानं अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण डेटा वाटून घेण्यावरची पाच वर्षांची बंदी काढून टाकली. मेटाची २०२४ ची जगभरातली उलाढाल १६,४५० कोटी डॉलर. भागाकार केला तर २१३ कोटी ही त्यांची दीड तासाच्या आतली कमाई होते. ऐन हंगामात एखादी ट्रॉली काट्याच्या रांगेत यापेक्षा जास्त वेळ उभी असते, आणि ड्रायव्हर तेवढ्यात एक झोपही काढतो.

त्यांच्याकडंही वार्षिक सभा होते म्हणे, भागधारकांची. पण सहकारात एक सभासद, एक मत. मग तो दहा गुंठेवाला असो की दहा एकरवाला. मेटात मार्क झुकरबर्ग यांच्याकडचे शेअर असे आहेत, की त्यांच्या एका शेअरला दहा मतं. साठ टक्क्यांच्या आसपास मतं त्यांच्या एकट्याच्या हातात. हे ऐकून आबा तंबाखू विसरले. "म्हंजे पॅनेलच न्हाई? विरोधी पॅनेलच न्हाई?" आमच्या चार तालुक्यांत कारखान्याच्या निवडणुकीला वर्षभर आधीपासून हवा तापते. कोण कुणाबरोबर जेवला यावरून गावागावांत अंदाज बांधतात. जिथं निवडणूकच लागत नाही अशी संस्था आबांनी उभ्या जन्मात बघितली नव्हती. झुकरबर्गविषयी त्यांच्या मनात पहिल्यांदाच थोडा आदर उत्पन्न झाल्याचं मला दिसलं.

त्या रात्री आबांना झोप लागली नसावी, कारण सकाळी ते टपरीवर मांडणी करूनच आले. उसाला एफआरपी आहे, म्हणजे सरकारनं ठरवून दिलेला किमान दर. २०२५-२६ च्या हंगामाला सव्वादहा टक्के साखर उताऱ्यावर टनाला ३,५५० रुपये. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत पैसे खात्यावर द्यायचे, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. कधी पाळतात, कधी नाही, पण मागायला कागद आहे. मग माहितीला एफआरपी का नको? जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत एक ठराव जास्तीचा घ्या. डेटाची पहिली उचल एकरकमी, विनाकपात.

"पण माहितीचा भाव काढायचा कसा, आबा?"

"उताऱ्यावर. कंपनी एका माणसामागं किती कमावती?"

फेसबुकनं काही वर्षं असा आकडा जाहीर केला होता. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिका-कॅनडातल्या एका माणसामागं कमाई ६८ डॉलर, आणि आपण ज्यात मोडतो त्या आशिया-पॅसिफिकमध्ये साडेपाच डॉलर. तीन महिन्याला साडेचारशे रुपयांच्या घरात.

टपरीवर शांतता पसरली. साखर उताऱ्यात राज्यात पहिला नंबर ही कोल्हापूर विभागाची वर्षानुवर्षांची मिरासदारी. इथं कॅनडावाल्याच्या बाराव्या हिश्श्याएवढा उतारा! "आपला ऊस भारी आणि माणूस हलका?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, प्रयोगशाळा त्यांचीच, उतारा ते दाखवतील तोच. तिसऱ्यानं बाहेरच्या काट्याचा विषय काढला. चौथा म्हणाला, ठराव घ्या पण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, त्यांना आधीच कळेल.

तेवढ्यात टपरीवाल्यानं ग्लास विसळता विसळता हळूच खडा टाकला, "एफआरपीतनं तोडणी-वाहतूक वजा करत्यात, आबा. हितं तोडणी त्यांची, वाहतूक त्यांची. आपल्या रानात पाय न ठेवता त्येच घिऊन जात्यात सगळं. खर्च दाखवतीलच की."

आबांनी पेन मागितलं. तोडणी-वाहतूक किती धरायची, यावर दुपारपर्यंत एकमत झालं नव्हतं.